जहाजावरची इर्जिक

२००९ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत झाली. पण रिद्धपूरच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात टीव्ही पहिल्यांदा आला तो माझ्या ओट्यावर, हे आधी सांगून ठेवतो. कारण पुढचं सगळं त्या टीव्हीमुळे झालं.

टीव्ही मी त्याच्याही वीस वर्षं आधी घेतला होता. त्या साली कापूस बरा झाला होता. काळापांढरा, लाकडी पेटीतला, पुढे सरकती दारं. रविवारी सकाळी त्याच्यात एक हिंदी मालिका लागायची. पृथ्वीवरचं पाणी संपतं आणि काही माणसं आभाळातल्या जहाजात बसून दुसरा ग्रह शोधायला निघतात, अशी गोष्ट. कप्तान एक, डॉक्टरीण एक, लोखंडाचा एक माणूस, आणि मागे लागलेले दुश्मन, ज्यांची तोंडं वाळलेल्या पिठल्यासारखी होती. गाव तिला ‘जहाज’ म्हणायचं. जहाज लागलं की चावडीवर कुत्रंसुद्धा राहत नसे.

अडचण एकच. कप्तान काही करायला उठला की लाईन जायची. लाईन गेली म्हणून लोक उठत नसत. बायका दळण टाकून आलेल्या, माणसं अर्धी दाढी करून आलेली. सगळे माझ्याकडे पाहायचे. टीव्ही माझा, म्हणजे गोष्ट पुरी करणंही माझ्याकडे, असं गावानं न बोलता ठरवून टाकलं होतं. मग मी पुढचं सांगायचो. मला वेळ लागत नसे. आधी काय झालं हे नीट पाहिलेलं असलं की पुढे काय होणार हे माणसाला कळतं. बैल कोणत्या बाजूला वळणार हे कळतं, मग कप्तान म्हणजे काय.

एका रविवारी मी कप्तानाचं आणि डॉक्टरणीचं लग्न लावून दिलं. पुढच्या रविवारी टीव्हीत ते दोघं ओळख नसल्यासारखे बोलत होते. लोक गोंधळले. शेजारची म्हातारी म्हणाली, “भांडन झालं असन. नवीन नवीन होते तसं.” सगळ्यांना पटलं. टीव्हीचं आणि माझं जुळलं नाही की गाव टीव्हीला सांभाळून घ्यायचं.

शेवटी शेवटी तर गावाची डीपीच जळली. सगळ्या गावाला वीज देणारी खांबावरची ती पेटी, ती जळली आणि महिनाभर कोणी दुरुस्त करायला आलं नाही. जहाजाचे शेवटचे चार भाग तेव्हाच होते. मी रविवारी टीव्हीची दारं सरकवून उघडी करायचो, त्याच्यापुढे पाट टाकून बसायचो आणि भाग सांगायचो. चारही सांगितले. जहाज काळ्या मातीच्या ग्रहावर उतरतं. पेरणीची वेळ टळत असते आणि एकट्या कप्तानाच्यानं ते होत नाही, तेव्हा सगळे मिळून इर्जिक करतात. इर्जिक म्हणजे गावानं एकाच्या वावरात एक दिवस फुकट राबायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. उद्या दुसऱ्याचं वावर. दुश्मन येतात तेव्हा गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजणं चाललेलं असतं. वांग्याच्या भाजीचा वास त्यांच्या जहाजात शिरतो. तेही उपाशीच असतात. पंगतीत बसतात आणि लढाई मिटते.

शेवटच्या भागाला बायका रडल्या. अशी मालिका आमच्या गावात संपली.

आता २००९. माझी मुलगी अकोल्याच्या घरात दिलेली, पण ती आणि जावई राहायचे अमरावतीला, राजापेठेत, एका शिकवणी वर्गाच्या वरच्या माळ्यावर. खाली पोट्टे इंग्रजी घोकायचे, वर माझी नात त्यांच्याबरोबर घोकायची. बायको गेल्यापासून मी बाजाराच्या दिवशी मोटारीनं अमरावतीला जायचो आणि मुलीकडे जेवायचो. आठवड्यातलं तेवढंच जेवण मी बसून, सावकाश जेवत होतो. बाकीचे दिवस पोट भरायचं.

जावयांची अकोल्याला एका कंपनीत संगणकावरची पक्की नोकरी होती. ती त्यांनी सोडली आणि दोन मित्रांना घेऊन खेळ बनवायचं काम सुरू केलं. पुण्याच्या एका कंपनीनं जुन्या टीव्ही मालिका विकत घेतल्या होत्या. त्या मालिकांचे असे खेळ करायचे होते की एक जण नागपूरहून, एक पुण्याहून, एक अमरावतीहून एकाच वेळी तारेतून एका जहाजात शिरेल आणि खेळेल. एक मालिका जावयांना मिळाली. खेळ पसंत पडला तर पुढचं काम मिळत राहणार आणि बिऱ्हाड राजापेठेतच राहणार. नाही पडला तर पुण्याला त्याच कंपनीत नोकरी. जावयांनी बायकोला तसं सांगून ठेवलं होतं, आणि मुलीनं मला.

जावयांचे वडील, म्हणजे आमचे इवाई, अकोल्याला कचेरीतून निवृत्त झालेले. मुलानं नोकरी सोडली त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. “घोड्याएवढा झाला अन् आता खेळ खेळून राहिला,” एवढं शेवटचं वाक्य.

एका बाजाराच्या दिवशी जावई ताटावर नुसते बसून होते.

“काय झालं जावईबापू? भाजी खारट झाली काय?”

“नाई मामाजी. जहाज अडकलं.”

“कोनतं जहाज?”

मग त्यांनी सांगितलं. मिळालेली मालिका तीच होती. पुण्याच्या कंपनीकडे सुरुवातीचे भाग नीट होते, पण शेवटच्या चार भागांच्या टेपांना बुरशी लागली होती. ज्यानं ती बनवली तो देवाघरी गेला होता. शेवट कोणालाच, जावयांनाही, धड आठवत नव्हता.

मी हातातला घास खाली ठेवला. “मले पाठ हाये.”

जावई माझ्याकडे पाहतच राहिले. मुलगी म्हणाली, “मलेही आठवते. मी लहान होती, पन समदं आठवते. रोडगे भाजतात. लोखंडाच्या मानसाच्या डोक्यावर टोपी राहते अन् तो वाढते.”

टोपीचं मी कधीच सांगितलं नव्हतं. ती तिनं पाहिली होती. मी काही बोललो नाही. मला विचारलं होतं ते एवढंच की पुढे काय होतं. ते मी सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जावयांनी ताट बाजूला सारून संगणकावर टिपून घेतलं आणि मग दोन वेळचं जेवले.

त्यानंतर मी त्यांच्या खोलीवर जाऊ लागलो. राजापेठेतच एका इंटरनेट कॅफेच्या मागे ती होती. कॅफेचा मालक मुसलमान, माझ्याहून लहान, मला चाचा म्हणायचा आणि खुर्ची द्यायचा. समोर पोट्टे तासावर पैसे देऊन बसायचे आणि मागे आमचं जहाज तयार व्हायचं.

तिथं दुसरीच भानगड निघाली. मालिकेत कप्तान एक असतो आणि बाकीचे मुकाट्यानं पाहतात. खेळात जो येतो त्याला कप्तान व्हायचं असतं. जावयांनी कॅफेतल्या पोट्ट्यांना बसवून पाहिलं. जहाज एक, कप्तान बारा. इंजिनात कोळसा घालायला कोणी नाही. म्हणजे कोळसा नव्हता, दुसरं काहीतरी होतं, पण घालावं लागायचं. जहाज जागचं हलेना आणि बाराही जण एकमेकांना हुकूम सोडून राहिले होते.

“आमच्या ग्रामपंचायतीसारखंच झालं हे,” मी म्हटलं.

“मामाजी, यावर काही उपाय नाही राहत. मालिका येगळी, खेळ येगळा.”

“तुमी शेवट ऐकला ना माह्या तोंडून? मंग? इर्जिक घाला. ज्याचं जहाज त्याचा दिवस. आज याच्या जहाजावर सगळ्यांनी राबायचं, उद्या त्याच्या. कप्तानकी फिरती ठेवा.”

जावई बोटं मोडत बसले. त्यांचा एक मित्र म्हणाला, “जमते बे हे.” आणि जमलं. पोट्टे इंजिनात उतरले, कारण उद्या आपली पाळी येणार हे त्यांना कळलं.

पण अर्धी इर्जिक मला चालत नाही. मी विचारलं, “जेवन कुठी हाये?”

“जेवन?”

“राबून घेतलं अन् उपाशी पाठोलं? वेठबिगार हाये काय थे?”

जेवण घालावं लागलं. जो कप्तान रोडगे बरे भाजेल त्याच्या जहाजावर माणसं टिकतील, असा नियम मीच करून दिला. चित्रं काढणाऱ्या मित्राला रोडगा ठाऊक नव्हता, कारण तो होता मुंबईकडचा. त्यानं लाडू काढला. मी नको म्हटलं. मग त्यानं बटाटेवडा काढला. शेवटी मी घरून गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे फडक्यात बांधून आणले आणि त्याच्यापुढे ठेवले, की पाहून काढ. त्यानं एक पाहिला आणि सगळे खाल्ले. दुसऱ्या खेपेला मी हातात धरून बसलो, तेव्हा चित्र निघालं.

ती वर्षं कशी होती हे वाचणाऱ्याला माहीत असेल. पेपरात रोज वऱ्हाडाची बातमी, रोज कोणीतरी जीपमधून उतरून वावराचे फोटो काढायचं. माणसं खरंच मरत होती. माझ्या सोबतचे दोघं वावर विकून पोरांकडे गेले. आणि इकडे राजापेठेत तासाचे पैसे भरून पोट्टे दुसऱ्या ग्रहावर कापूस पेरत होते. बोंडअळी मी त्यात घालू दिली नाही. जावई म्हणत होते की त्याने मजा येईल. मी म्हटलं, थोडी जागा तरी बिनअळीची राहू द्या.

पुण्याच्या कंपनीचा साहेब एकदा आला. तरुण, स्वच्छ, पाठीवर पिशवी. माझं धोतर पाहून त्याचा आवाज एकदम खाली गेला, दहाव्याला आल्यासारखा.

“काका, कशी आहे परिस्थिती?”

“कोनाची?”

“म्हणजे... तुमच्याकडची.”

“दुश्मनाचं इंजिन बंद पडून राहिलं. बाकी ठीक हाये.”

त्यानं जावयांकडे पाहिलं. जावई म्हणाले, “मामाजींना मालिका पाठ आहे सर.” तेव्हापासून तो माझ्याशी माणसासारखा बोलू लागला.

मग खेळाच्या परीक्षेचा दिवस ठरला. रविवार, दिवसा. कॅफेचे सगळे संगणक घेतले आणि पुण्या-नागपूरचे खेळणारे तारेतून येणार होते. ज्यांनी लहानपणी ती मालिका पाहिली अशा लोकांना साहेबानं मुद्दाम बोलावलं होतं. तो स्वतःही आला. मुलीनं सासऱ्यांना फोन केला होता. ती म्हणाली, “मामाजी, एकदा येऊन पाहा त्याईनं काय केलं ते. मंग जे बोलायचं ते बोला.” म्हणून इवाई अकोल्याहून आले. प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर. मुलगा समोर उभा, पण बोलणं सुनेच्या मार्फत.

“त्याले सांगा, वायर पायात येते.”

मुलगी नवऱ्याला म्हणाली, “वायर पायात येते म्हनतात.”

जावयांनी वायर सरकवली. “त्याईले सांग, सरकवली.”

“सरकवली म्हनतात मामाजी.”

“दिसलं.”

खेळ सुरू झाला. काय सांगू, चांगला झाला होता. आभाळ, तारे, जहाजं, काळी माती. मी उभा राहून पाहिला. दुश्मनाची जहाजं चारी बाजूंनी आली, भोंगे वाजले, कॅफेतले पोट्टे खुर्च्यांच्या टोकावर आले. आणि एवढ्यात नागपूरच्या कोण्या कप्तानानं आपल्या जहाजावर गोवऱ्या पेटवल्या.

सगळे तिकडे पळाले. पहिल्यांदा आमचे गेले. मग शेजारच्या जहाजावरचे गेले. दुश्मनाकडून खेळणारे पुण्याचे पोट्टे होते, त्यांनीही बंदुका ठेवल्या आणि रांगेत उभे राहिले. मागून येणारी दुश्मनाची मोठी फौज रिकाम्या आभाळात इकडेतिकडे पाहत राहिली. लोखंडाचा माणूस टोपी घालून वाढत होता.

कॅफेवाला माझ्या कानाशी आला. “चाचा, ये जंग है के भंडारा?”

“शेवटचा भाग हाये,” मी म्हटलं.

साहेब पुढे वाकून पडदा वाचून राहिला होता. खेळणारे खेळता खेळता लिहीत होते आणि ते खाली उमटत होतं. जावयांचा चेहरा उतरला. मुलीनं मला वाचून दाखवलं. मजा येते, असं खूप जणांनी लिहिलं होतं. पण जुन्या लोकांनी लिहिलं होतं की हे मालिकेत नव्हतं; मग काय होतं, ते मात्र कोणालाच धड सांगता येत नव्हतं.

“काहून नव्हतं?” मी म्हटलं.

तेव्हा प्लास्टिकच्या खुर्चीतून आवाज आला. “नव्हतंच.”

सगळे इवायांकडे वळले. त्यांनी पिशवी मांडीवर नीट केली.

“मी एक भाग सोडला नाई. शेवटी कप्तान मरते.”

“आमच्या गावात नाई मेला,” मी म्हटलं.

“इवाईबुवा, मालिका काय गावागावात येगळी राहते?”

“तुमी कचेरीतले मानसं. पाहतापाहता डुलकी लागली असन.”

“रविवारी कचेरी नसते. मी जागा होतो. अन् मले एक सांगा, तुमच्या गावात तवा लाईन होती काय?”

साहेब माझ्याकडे, जावई माझ्याकडे, नातसुद्धा माझ्याकडे. मुलगी तेवढी माझ्याकडे पाहत नव्हती. तिला आता आठवत होतं की नव्हतं, मला कळलं नाही.

“लाईन नव्हती म्हनून मालिका थांबत नाई,” मी म्हटलं आणि खाली बसलो.

इवाई हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. सुनेला म्हणाले, “येतो माय, गाडी हाये,” आणि चहा न घेता स्टेशनकडे गेले. मुलाकडे त्यांनी एकदा पाहिलं, नाही असं नाही. पण तोवर मुलगा टेबलाखाली वायर गुंडाळायला बसला होता.

साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला की खेळ त्याला आवडला, इर्जिक तर फारच आवडली, आणि मधल्या भागात ती राहू द्यायला त्याची ना नाही. पण कंपनीनं नाव विकत घेतलंय ते मालिकेचं. शेवट मालिकेचा नसेल तर जुने लोक शिव्या देतील आणि मालक काम बंद करतील. आठवड्याभरात खरा शेवट मिळाला तर पाहू. “नाहीतर तुमच्यासाठी पुण्यात जागा आहेच,” तो जावयांना बारशाचं आमंत्रण दिल्यासारखं म्हणाला.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं राजापेठेच्या घरात बसलो. खालची शिकवणी रविवारी बंद असते, त्यामुळे कोणी घोकत नव्हतं. मी म्हटलं, “जावईबापू, खरा शेवट तुमच्या बापाले ठाऊक हाये. फोन करा.”

“त्याईले इचारनार नाई. पुन्याले जाईन.”

“काहून?”

“मामाजी, तुमीच सांगा, तुमी इचारलं असतं?”

मी म्हटलं, नसतं. खोटं कशाला बोलायचं. आणि माझा शेवट खोटा आहे असं मी तेव्हाही मानत नव्हतो, आजही मानत नाही. शंभर माणसांनी ओट्यावर बसून तो ऐकला आहे. कप्तानाला मारणं सोपं असतं. त्याला पुढच्या हंगामापर्यंत जगवायचं, हे अवघड आहे. हे सगळं मी जावयांना सांगितलं. ते हो हो म्हणाले.

मुलगी नातीचे कपडे घडी करून ठेवत होती. रोजचंच काम. मध्येच तिनं मला विचारलं, “बाबा, तुमी पुन्याले याल काय राहाले?”

“मले तिथलं पानी मानवत नाई.”

“तुमी कवा पेलं तिथलं पानी?”

मी पुण्याला कधी गेलोच नव्हतो. तिनं फ्रॉकची घडी मोडून पुन्हा घातली. मी तिच्याकडेच मुक्काम केला.

सकाळी कोणी उठायच्या आत मी धोतर बदललं, टोपी घातली आणि अकोल्याच्या मोटारीत बसलो. मूर्तिजापूरपर्यंत मी ठरवत होतो की आपण इकडे बाजार पाहायला आलो होतो असं सांगायचं. मूर्तिजापूरच्या पुढे ते सोडून दिलं. इवाई अंगणात पेपर वाचत बसले होते. मला पाहून त्यांनी पेपर खाली केला नाही, बाजूला केला.

“काहून आले, इवाईबुवा?”

“चहा प्याले.”

इहिणीनं, म्हणजे जावयांच्या आईनं, चहा आणला. मी प्यालो. तिनं अजून विचारलं, मी अजून अर्धा प्यालो. इवाई पेपरातली एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचत होते, हे मला उलट्या बाजूनंही कळत होतं. मग माझी बशी रिकामी झाली आणि हातात धरायला काही उरलं नाही.

“कप्तान कसा मरते, थे सांगा,” मी म्हटलं.

त्यांनी पेपर घडी करून मांडीखाली घातला. माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली नाही आणि त्यांनीही केली नाही.

“दुश्मन नाई मारत त्याले,” ते म्हणाले. “थो जहाजात एकटा राहते, बाकीच्याईले उतरवून देते. पन मी दोनदा सांगनार नाई. इतकं मोठं सांगायचं, मंग तुमी तिकडे जाऊन त्याच्यात अजून काही घालसान. फोन हाये ना तुमच्यापाशी?”

“हाये.”

“मंग त्याले लावा.”

मी जावयांचा नंबर लावला, पलीकडून हॅलो आलं, आणि मी न बोलता फोन इवायांच्या हातात दिला.